वाफवलेल्या भाजीला गोव्याची चव

ताटात नुसती वाफवलेली फरसबी, तांबडा भोपळा आणि फ्लॉवर वाढला की घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ठरलेला शेरा येतो. आमच्या फोंड्याच्या घरी तो सासूबाईंनी दिला होता: "अगो, हे तर दुखणाईताचे जेवण." थोरल्या मुलीने दूध, दही, तूप आणि मध सोडून व्हीगन राहायचे ठरवले, त्या पावसाळ्यातली ही गोष्ट आहे. रात्री तिला हलके जेवण हवे असे, म्हणून मी रोज मोदकपात्र चढवू लागले होते. पण सासूबाईंच्या शेऱ्यात तथ्य होते, हे पहिला घास घेताच मलाही पटले. त्यानंतर पुष्कळ दिवस करून, चाखून आणि पुन्हा करून माझ्या ध्यानात आले, ते असे: वाफ भाजी उत्तम शिजवते, पण तिच्यात स्वतःचे काही घालत नाही. चव वेगळ्या भांड्यात तयार ठेवावी लागते आणि भाजी गरम असतानाच तिच्यात मिसळावी लागते. गोव्याच्या शिवराक, म्हणजे शाकाहारी स्वयंपाकात या चवीची सगळी सामग्री पूर्वीपासून आहे आणि तिच्यातील बहुतेक दूधतुपाविनाच आहे.

असे का होते, हे आधी समजून घेतले तर पुढच्या पायऱ्या सोप्या जातात. पाण्याची वाफ साधारण १०० अंश सेल्सिअसला असते, तर भाजलेल्या खोबऱ्याचा तांबूस रंग, परतलेल्या कांद्याचा खमंगपणा किंवा तव्यावरच्या कापांची कडेची करकरीत गोडी यांना बरीच जास्त, म्हणजे सुमारे १४० अंशांच्या वरची उष्णता लागते. म्हणून वाफेत कितीही वेळ ठेवले तरी भाजी खमंग होत नाही, ती फक्त मऊ होते. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर भाजी पाण्यात बुडालेली नसल्यामुळे तिची स्वतःची गोडी पाण्यात उतरून वाया जात नाही. वाफवलेला भोपळा उकडलेल्यापेक्षा अधिक गोड लागतो, याचे कारण हेच. म्हणजे भाजीला उणीव असते ती मीठ, आंबट, तेल आणि भाजलेला खमंगपणा या चार गोष्टींची, आणि चारही बाहेरूनच यायला हव्यात.

भाजी चिरणे आणि वाफवणे

एका वेळी दोन किंवा तीनच भाज्या घ्याव्यात, आणि त्यांतील एक गोडसर, एक हिरवी व एक पिठूळ असावी. तांबडा भोपळा, चवळीच्या शेंगा आणि कणगी हा कंद, किंवा गाजर, भेंडी आणि नीरफणस (विलायती फणस), अशी जुळणी मला आवडते. एकाच भांड्यात ठेवायच्या असतील तर त्यांना लागणारा वेळ पाहून ठेवाव्यात. कणगी, रताळे आणि सुरण यांच्या दीड बोटाच्या फोडींना १५ ते २० मिनिटे लागतात. भोपळा, नीरफणस आणि गाजर १० मिनिटांच्या आसपास होतात. फ्लॉवर व फरसबी ६ ते ८ मिनिटांत. भेंडी ५ मिनिटांत. आणि तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, तर ३ मिनिटांत. फोडींचा आकार बदलला की हा हिशेब बदलतो, म्हणून सुरीचे टोक सहज आत जाते का, हे पाहणे अधिक खात्रीचे. सुरण चिरताना हाताला खोबरेल तेल लावावे आणि फोडी कोकमाच्या किंवा चिंचेच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून मगच वाफवाव्यात, नाहीतर घशाला खाज येते.

पाणी आधी खळखळून उकळू द्यावे आणि मगच चाळणी ठेवावी. झाकणाच्या आतल्या बाजूला पातळ सुती कापड बांधणे ही मोदकांच्या वेळी आपण घेतो ती काळजी भाजीलाही तितकीच लागू आहे, कारण झाकणाला जमलेले पाणी टपटप खाली पडले की फोडी बाहेरून भिजतात आणि नंतर घातलेला मसाला त्यांच्यावरून ओघळून ताटात जमा होतो. फोडी एकावर एक दाटीने रचू नयेत; वाफेला वर जायला वाट राहिली पाहिजे.

आता ज्या पायरीने माझ्या भाजीत सर्वांत मोठा फरक पडला, ती सांगते. भाजी शिजली की चाळणी भांड्यावरून उतरवावी, फोडी रुंद ताटात एका थरात पसराव्यात आणि दोन मिनिटे तशाच उघड्या ठेवाव्यात. भाजी गरम असल्यामुळे तिच्या अंगावरचे पाणी आपोआप उडून जाते, पृष्ठभाग जरा कोरडा होतो, आणि मग जे घालाल ते तिला धरून राहते. मात्र दोन मिनिटांवर पाच मिनिटे होऊ देऊ नयेत. गार झालेली भाजी मीठ आणि आंबट तितके आत घेत नाही, ते बरेचसे तिच्या बाहेरच राहते.

मीठ

दुधी, भोपळा यांसारख्या पाणीदार भाज्यांना वाफवण्यापूर्वी मीठ लावू नये. त्यांना पाणी सुटते आणि मीठही त्याच पाण्याबरोबर खाली जाते. कंद मात्र याला अपवाद आहेत. कणगी, सुरण, रताळे यांच्या फोडींना दहा मिनिटे आधी थोडे मीठ चोळून ठेवले तर ते जरा आत मुरते. बाकी भाज्यांचे मीठ नंतरच्या रसात किंवा फोडणीत विरघळवून घालावे, वरून कोरडे भुरभुरवू नये, कारण कोरडे मीठ एका घासाला खारट लागते आणि दुसऱ्याला लागतच नाही. अर्धा किलो भाजीला सपाट एक लहान चमचा मीठ हे माझे प्रमाण आहे. आपल्या मिठागरांतले जाड मीठ वापरत असाल तर ते थोड्या कोमट पाण्यात विरघळवून, तळाशी बसलेला गाळ मागे ठेवून वरचे पाणी घ्यावे.

हळदीची पाने

पुष्कळजण वाफेच्या पाण्यात आले, गवती चहा किंवा मसाले टाकायला सांगतात. मी ते बरेच दिवस करून पाहिले. स्वयंपाकघर सुवासाने भरते, पण भाजीत त्याचा अंश फारसा उतरत नाही. पान भाजीला चिकटून असेल तरच त्याचा वास तिला लागतो, आणि हळदीच्या पानात वाफवलेल्या गोड पातोळ्या करणाऱ्या कोणत्याही घरात हे ठाऊक आहे. श्रावणात आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांत परसात हळदीची पाने असतात तेव्हा चाळणीवर ती आडवी अंथरावीत, त्यांवर भोपळ्याच्या किंवा ओल्या मक्याच्या दाण्यांचा थर द्यावा आणि वरून पुन्हा एक पान झाकावे. झाकण उघडताच पातोळीचा तोच ओळखीचा वास येतो आणि भोपळ्याला त्यानंतर फक्त मीठ, ओले खोबरे व थेंबभर खोबरेल तेल पुरते. पाने नसलेल्या दिवसांत केळीचे पान विस्तवावर किंचित शेकून अंथरले तरी चालते, पण त्याचा वास सौम्य असतो.

आंबट केव्हा आणि कोणते

एकदा मी घाईत फरसबीवर कोकमाचे पाणी शिंपडूनच ती वाफेला ठेवली. सात मिनिटांनी झाकण काढले तेव्हा सकाळी बाजारातून आणलेली ती टवटवीत शेंग डबक्यातल्या शेवाळासारखी मळकट झाली होती आणि अजून पुरती शिजलीही नव्हती. हिरव्या रंगातले मॅग्नेशियम आम्लामुळे निघून जाते आणि रंग असा विटतो. शिवाय आंबटात शेंग लवकर मऊ होत नाही. तेव्हापासून हिरव्या भाजीत आंबट घालायचे ते पानावर वाढण्याच्या क्षणी, त्याआधी नाही. भोपळा, रताळे, कंद यांना ही अडचण नसते, त्यांना आंबट आधी घातले तरी चालते.

लिंबू कुठेही मिळते, पण त्याची चव एकसुरी असते असे माझे मत आहे. आपल्याकडे त्याहून खूप काही आहे. भिंड्याची सोले, म्हणजे कोकम, यांना आंबटपणाबरोबर एक गडद, फळाची चव असते. बिंबले (बिलिंबीची आंबट फळे) बारीक चिरून मिठात दहा मिनिटे मुरवली की त्यांचे पाणी आणि फोडी दोन्ही भेंडीवर सुरेख लागतात. आंबाडे ठेचून घातले तर आंबटाबरोबर मागे राहणारा एक सुगंधही मिळतो. माडाच्या सुरेपासून केलेला व्हिनेगर ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे नेहमी असतो. त्याची धार तीक्ष्ण असल्यामुळे फ्लॉवर, गाजर, बीट यांच्यासाठी तो लिंबापेक्षा सरस आहे, पण अर्धा किलो भाजीला दोन लहान चमचे पुरे.

तिरफळ, कोकम आणि माडाचा गूळ

खतखते ज्याने खाल्ले आहे त्याला ही त्रयी समजावून सांगण्याची गरज नाही. बहुतेक घरी खतखते नारळ, डाळ आणि भाज्यांचे, तुपाविनाच होते, आणि कांदा-लसूण नसूनही त्यात कसलीच उणीव भासत नाही. त्याचे सार वेगळे काढून वाफवलेल्या भाजीवर घातले तर रात्रीच्या जेवणाचे काम अर्ध्या तासात होते.

चौघांसाठी सहा कोकमे पाव वाटी कोमट पाण्यात वीस मिनिटे भिजत घालावीत. सात-आठ सुकी तिरफळे घेऊन त्यांतील काळ्या चकचकीत बिया काढून टाकाव्यात. बी दातांखाली कचकचते आणि कडवट लागते. सगळा गुण वरच्या सालीत असतो. ही साल खलबत्त्यात दोन-तीन ठोके देऊन फक्त दुखवावी, तिची पूड करू नये. मग वाटीभर पाण्याऐवजी जेमतेम पाव वाटी पाण्यात ती टाकून बोटांनी दाबावी. पाणी किंचित गढूळ होते, संत्र्याच्या सालीसारखा आणि मिऱ्यासारखा असा एकत्र वास येतो, आणि बोट जिभेला लावले तर जीभ झिणझिणते. हीच खूण. कोकमाचे पाणी पिळून त्यात घालावे, सुपारीएवढा माडाचा काळा गूळ, मीठ आणि एक चिरलेली हिरवी मिरची घालून गूळ विरघळेपर्यंत ढवळावे. हे मिश्रण उकळू नये, कारण तिरफळाचा वास उडून जातो. खतखत्यातही तिरफळ घालायचे ते अगदी शेवटी, हे घरोघरी पाळले जाते. वाफवलेला भोपळा, सुरण आणि कणगी यांवर हे ओतून, अर्धी वाटी ओले खोबरे आणि एक मोठा चमचा घाण्याचे खोबरेल तेल घालून हलक्या हाताने कालवावे व दहा मिनिटे झाकून ठेवावे. जेवताना तिरफळाच्या साली बाजूला काढायच्या असतात, हे बाहेरगावच्या पाहुण्यांना आधी सांगावे.

सासवाचे वाटण

सासव, म्हणजे मोहरी-खोबऱ्याच्या वाटणातले तोंडीलावणे, आपण घोटांचे (लहान रायवळ आंब्यांचे), अननसाचे किंवा आंबाड्यांचे करतो, पण त्याचे वाटण गाजर, दुधी, नवलकोल यांना उत्तम लागते. मोहरीचा तिखटपणा हा कोरड्या दाण्यात नसतोच. दाणा फुटून त्याला पाणी लागले की आतले घटक एकत्र येऊन तो तयार होतो, आणि त्याला काही मिनिटे लागतात. उष्णता किंवा आंबट आधीच लागले तर हे काम मंदावते किंवा थांबते. म्हणून आपल्याला काय हवे ते आधी ठरवावे. नाकात जाणारा झणका हवा असेल तर अर्धा लहान चमचा मोहरी कच्चीच, दोन चमचे गार पाण्याबरोबर वाटून दहा मिनिटे ठेवावी आणि मगच तिच्यात खोबरे व चिंच मिसळावी. सौम्य चव हवी असेल तर मोहरी कोरडी भाजून घ्यावी. दोन्ही प्रकारांत मोहरी खोबऱ्याबरोबर फार वेळ फिरवत राहू नये. वाटण कडू होते आणि तो कडवटपणा गुळानेही जात नाही.

मोहरी तयार झाल्यावर पाऊण वाटी ओले खोबरे, दोन भिजवलेल्या सुक्या मिरच्या, बोराएवढी चिंच, चमचाभर गूळ आणि मीठ एकत्र जाडसर वाटून तिच्यात मिसळावे. काणकोणची खोला मिरची किंवा पेडण्याकडची हरमल मिरची मिळाली तर तिचा रंग आणि स्वाद दोन्ही खुलतात. या दोन्ही मिरच्यांना भौगोलिक मानांकन आहे. वाटण शिजवायचे नाही. भाजी गरम असताना कालवायचे, एवढेच.

फोडणी

आधी म्हटलेल्या खमंगपणाची उणीव सर्वांत कमी कष्टात फोडणीने भरून निघते. मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि लसूण यांचे वास पाण्यापेक्षा तेलात अधिक उतरतात, म्हणून मोठा चमचाभर तेल अख्ख्या ताटाला चव देऊ शकते. तुपाच्या जागी खोबरेल तेल घ्यावे, आच मंद ठेवावी, मोहरी तडतडली की ठेचलेल्या सहा लसूण पाकळ्या कडेने बदामी होईपर्यंत थांबावे, मग सुकी मिरची, कढीपत्ता आणि हिंग घालून लगेच गॅस बंद करावा. लसूण पूर्ण तांबडी होण्याची वाट पाहिली तर ती कढईतच कडू होते, कारण गॅस बंद केल्यावरही तेल तिला शिजवत राहते. तांबड्या भाजीवर ही फोडणी आणि मूठभर ओले खोबरे एवढेच पुरते.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. वाफवलेल्या भाजीवर गरम मसाला, धणेपूड किंवा तिखट वरून कोरडे टाकू नये. कच्च्या पुडीचा वास भाजीला चिकटतो आणि घशाशी खरखरते. पूड वापरायचीच तर ती फोडणीच्या तेलात गॅस बंद केल्यानंतर घालावी. त्या तेलाची उष्णता तिला पुरेशी होते.

काफ्रेल, रेशाद आणि शाकुती

मासळी-मांसाबरोबर ओळखले जाणारे हे मसाले मुळात वनस्पतिजन्यच आहेत, त्यामुळे व्हीगन स्वयंपाकात ते निःसंकोच वापरावेत. कोथिंबीर, हिरवी मिरची, आले, लसूण आणि व्हिनेगर यांचे काफ्रेलचे हिरवे वाटण बटाटे, फ्लॉवर आणि बाजारातल्या अळंब्यांना लावावे. सुकी मिरची, लसूण, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी आणि व्हिनेगरचे रेशाद गाजर-बटाट्याला शोभते. मात्र दोन्हींमध्ये कच्ची लसूण असते, म्हणून दोन चमचे वाटण चमचाभर तेलात चार-पाच मिनिटे, कडेने तेल सुटेपर्यंत परतूनच त्यात वाफवलेल्या फोडी घोळवाव्यात. शाकुतीच्या मसाल्यात खोबरे, खसखस आणि धणे भाजलेले असतात. वाफेला जी खमंग चव देता येत नाही ती यात तयारच असते, म्हणून नीरफणसावर मी हाच घालते. विकतचा बालचांव मसाला मात्र टाळावा, कारण त्यात परंपरेने सुकी कोळंबी वाटलेली असते. बाकी तयार मसाल्यांच्या बरण्यांवरचा मजकूरही एकदा वाचून घ्यावा.

कुरकुरीत काहीतरी, आणि पोटभरीचे काहीतरी

मऊ भाजी मऊ भाताबरोबर सलग खाल्ली की जेवणाचा कंटाळा येतो, मग चव कितीही चांगली असो. भाजलेल्या काजूंचे तुकडे, भाजलेले तीळ, किंवा सुके खोबरे, लसूण व सुकी मिरची यांची कोरडी चटणी वाढताना वरून पेरावी. आधी पेरली तर ती ओल धरते. मार्च-एप्रिलात ओले काजूगर मिळतात तेव्हा ते भाजीबरोबरच आठ मिनिटे वाफवावेत. त्या दिवशी दुसरे काही लागत नाही.

नुसत्या भाजीने मध्यरात्री भूक लागते, ही मुलीची तक्रार रास्त होती. मोड आलेले मूग त्याच चाळणीत आठ-दहा मिनिटांत होतात. आळसांदे (मोठी चवळी) आदल्या रात्री भिजवून कुकरमध्ये वेगळे शिजवावेत आणि कालवताना मिसळावेत. टोफूचे तुकडे वाफवण्यापेक्षा तव्यावर दोन्ही बाजूंनी लाल करून घातलेले मला बरे वाटतात. बरोबर उकड्या तांदळाची पेज किंवा भात, आणि सोलकढी. नारळाच्या रसाची ही कढी पहिल्यापासूनच दुधाविना आहे, फक्त तिचा रस दाट काढावा आणि तापवू नये.

रोजच्या घाईत क्रम असा ठेवावा: घरात पाय ठेवताच कोकमे भिजत घालावीत आणि मोदकपात्राचे पाणी चढवावे, पाणी उकळेपर्यंत भाजी चिरावी, कंद आधी आणि हिरव्या भाज्या मागाहून ठेवाव्यात, भाजी वाफेवर असताना खोबरे खवून वाटण किंवा तिरफळाचे पाणी तयार करावे, फोडणी भाजी ताटात पसरल्यानंतरच करावी. कालवून झाल्यावर एक फोड चाखावी. सपक लागली तर आधी मीठ पाहावे, मीठ पुरेसे असूनही बोथट वाटली तर कोकमाचे चमचाभर पाणी, आणि आंबट पुढे गेले असेल तर किसलेला गूळ. सासूबाई अजूनही चाखून झाल्यावर वरून थेंबभर कच्चे खोबरेल तेल सोडतात आणि मगच पाने मांडायला सांगतात.